बाईंची शिकवणी आणि 'धंद्या'चा रकाना

प्रश्न (पत्र लांबलचक होतं. ओळख पटेल असे तपशील वगळून सारांश देतो आहे.)

सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. पत्र लिहिणाऱ्या बाईंचं वय ६३. अनुदानित माध्यमिक शाळेतून पाच वर्षांपूर्वी निवृत्त, विषय गणित. पेन्शन गेल्या वर्षी महिन्याला ४८ हजार, ठेवींचं व्याज वर्षाला १ लाख ४० हजार. जून २०२३ मध्ये शेजारच्या चार मुलांना ओट्यावर बसवून शिकवायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी मुलं १५ झाली. आता नववी-दहावीची १८ मुलं पुढच्या खोलीत दोन तुकड्यांत येतात. फी महिन्याला १,२००, जून ते मार्च. शिवाय आणखी तिघं येतात, त्यांच्याकडून त्या काहीच घेत नाहीत. निम्मे पालक रोख देतात, निम्मे सुनेच्या मोबाइलवर गूगल पे करतात. शनिवारी सून त्याच मुलांना इंग्रजी शिकवते.

आयकराचं रिटर्न दरवर्षी भरलं जातं, पण त्यात शिकवणीचा एक रुपयाही नाही. 'बाई, ते कशाला लिहिता, उगाच लफडं,' असं फॉर्म भरून देणाऱ्याने सांगितलं आणि बाईंनी ऐकलं. आता घरात आणि गल्लीत तीन सल्ले फिरताहेत. मुलगा म्हणतो, सगळी फी सुनेच्या नावावर दाखवू, तिला कुठे उत्पन्न आहे? शेजारचे निवृत्त हेडक्लार्क म्हणतात, १२ लाखांपर्यंत करच नाही, मग रिटर्न तरी कशाला? शाळेतली जुनी सहकारी म्हणते, शिकवणी कागदावर आली की पेन्शन बंद. बाईंची स्वतःची अडचण निराळीच आहे. 'माझे वडीलही मास्तर होते. त्यांनी शिकवणीचा पैसा घेतला नाही. मी घेते, ठीक आहे, पण फॉर्मवर 'धंदा' या रकान्यात माझं नाव घालायला हात होत नाही.'

उत्तर

बाई,

सगळं गाव तुम्हाला बाई म्हणतं असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा मीही तेच म्हणतो. पत्रासोबत तुम्ही वहीच्या पानाचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. शाळेतला हजेरीचा कॅटलॉग आखावा तसं पान आखलेलं आहे: डावीकडे नावं, वर जून ते मार्च, प्रत्येक चौकोनात बारीक खूण. एका मुलाच्या ऑगस्टच्या चौकोनात लाल शाईने 'वडील दवाखान्यात, नंतर'. मला येणाऱ्या बहुतेक पत्रांत धसका भरपूर असतो आणि आकडे नसतात. तुमच्याकडे दोन्ही आहेत. तेव्हा आधी गणित मांडू, उरलेला धसका मग बघू.

२०२५-२६ या आर्थिक वर्षाचं घ्या. पेन्शन ५ लाख ७६ हजार. पेन्शन आयकरात 'वेतन' या सदरात मोडते (कायद्याच्या लेखी तुम्ही अजून पगारदारच आहात), म्हणून त्यातून नव्या करप्रणालीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते. उरले ५ लाख १ हजार. व्याज १ लाख ४० हजार. शिकवणीचे १८ मुलं, १,२०० रुपये, १० महिने, म्हणजे २ लाख १६ हजार. यातून एक पैशाचाही खर्च वजा केला नाही तरी एकूण उत्पन्न होतं ८ लाख ५७ हजार. पहिल्या ४ लाखांवर कर नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के म्हणजे २० हजार, वरच्या ५७ हजारांवर १० टक्के म्हणजे ५,७००. झाले २५,७००. आणि उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्यामुळे हे सगळेच्या सगळे करसवलतीत माफ.

म्हणजे तुम्ही जे लपवलंय, ते या वर्षी पूर्ण उघड केलं तरी कर शून्य.

हेडक्लार्क साहेब इथपर्यंत बरोबर आहेत. 'मग रिटर्न कशाला' इथे ते घसरतात. १२ लाखांपर्यंत उत्पन्न करमुक्त नाही. करमुक्त मर्यादा ४ लाखच आहे. त्यापुढे कर लागतो, आणि १२ लाखांपर्यंत तो सवलत म्हणून सोडून दिला जातो. ही सवलत मागायची जागा म्हणजे रिटर्न. ४ लाखांच्या वर उत्पन्न गेलं की ते भरावंच लागतं, मग कर शून्य का असेना. परीक्षेत उत्तर शून्य आलं म्हणून पेपर कोरा ठेवणाऱ्या मुलाला तुम्ही काय म्हणत होतात, ते साहेबांना सांगा.

आता मागचं. तुमच्या पत्रात 'तीन वर्षं मी चोरी करत आले' असं वाक्य आहे. ते वाचून मी तीनही वर्षं मांडून बघितली, कारण दर वर्षीचे दर आणि सवलती वेगळ्या होत्या.

२०२३-२४ मध्ये मुलं चार, फी १,०००, शिकवणीचे ४० हजार. पेन्शन ५ लाख १० हजार, त्या वर्षी प्रमाणित वजावट ५० हजार, व्याज १ लाख १० हजार. सगळं मिळून ६ लाख १० हजार. तेव्हा नव्या प्रणालीत ७ लाखांपर्यंत कर माफ होता. म्हणजे शिकवणी दाखवली असती तरी कर शून्यच. नोंद राहिली हे खरं, पण सरकारचा एकही रुपया तुमच्याकडे अडकलेला नाही. या वर्षासाठी मागे जाऊन काही भरायचं नाही. अद्ययावत रिटर्न नावाची, मुदतीनंतर जुनं रिटर्न दुरुस्त करायची जी सोय आहे, ती वाढीव कर निघत असेल तरच वापरता येते.

२०२५-२६ चं रिटर्न अजून भरायचंच आहे, ते नीट भरू.

उरलं मधलं वर्ष, २०२४-२५. खरी गाठ इथेच आहे. पेन्शन ५ लाख ४० हजार, वजावट ७५ हजार, व्याज १ लाख ३० हजार. तुम्ही रिटर्नमध्ये दाखवलंत ते ५ लाख ९५ हजार. ७ लाखांच्या आत, म्हणून कर शून्य. पण १५ मुलांचे १ लाख ८० हजार त्यात धरले की आकडा ७ लाख ७५ हजारांवर जातो. सवलतीची रेघ ओलांडली. कर होतो २७,५०० आणि ४ टक्के उपकर धरून २८,६००. तीन वर्षांची झोप उडवणारा आकडा हा एवढा आहे, आणि तोही कमाल. खरा खर्च आणि सुनेचा वाटा वजा केलात (त्याकडे येतोच) तर तो आणखी खाली येईल.

हे दुरुस्त करायचा रस्ता सरळ आहे. २०२४-२५ साठी अद्ययावत रिटर्न भरायचं. त्यात मूळ कर, त्यावर महिना १ टक्क्याच्या हिशोबाने व्याज, आणि या दोन्हींच्या बेरजेवर २५ टक्के जादा कर. खर्च काहीच वजा केला नाही तर सगळं मिळून चाळीस-पंचेचाळीस हजारांच्या घरात जाईल. २५ टक्क्यांचा दर ३१ मार्च २०२७ पर्यंत. त्यानंतरच्या वर्षात तो ५० टक्के होतो, मग ६०, मग ७०. चार वर्षांनी ही दारंच बंद होतात. आणि खात्याने आधी शोधून काढलं, तर कमी उत्पन्न दाखवल्याबद्दल कराच्या ५० टक्के दंड, आणि जाणूनबुजून चुकीचं दाखवलं असं ठरलं तर २०० टक्के. चाळीस हजार ही तुमच्यासाठी लहान रक्कम नाही, हे मला कळतं. जवळजवळ एका महिन्याची पेन्शन. पण ती एकदाच जाणार आहे, आणि किती जाणार हे आज माहीत आहे.

इथे तुम्हाला कोणीतरी एक चोरवाट दाखवेल, म्हणून आधीच सांगतो. लहान व्यावसायिकांसाठी अंदाजित उत्पन्नाची योजना आहे. हिशोबाच्या चोपड्या न ठेवता, बँकेतून आलेल्या रकमेच्या ६ टक्के आणि रोख आलेल्या रकमेच्या ८ टक्के नफा धरायचा. तसं केलं तर तुमच्या १ लाख ८० हजारांतले जेमतेम १२-१३ हजार उत्पन्न ठरेल, आणि २०२४-२५ चा करही गायब. ऐकायला गोड आहे. पण कायद्यात ६ आणि ८ हे आकडे किमान आहेत. प्रत्यक्षात जास्त कमावलं असेल तर जास्त दाखवायचं, हे त्याच वाक्यात लिहिलंय. पुढच्या खोलीत फळा लावून शिकवणाऱ्या बाईंचा खर्च १०० रुपयांमागे ९४ असतो, हे तुम्ही तरी फळ्यावर सिद्ध करून दाखवाल का? दुसरं म्हणजे, शिकवणी या योजनेत बसते का, यावर सीए मंडळींतच एकमत नाही. वकील, डॉक्टर, आर्किटेक्ट वगैरेंसाठी ५० टक्क्यांची वेगळी योजना आहे, त्या यादीत शिक्षक नाहीत. काही जण शिकवणीला व्यवसाय धरून पहिल्या योजनेत बसवतात, काही बसवत नाहीत. ज्या वर्षी पूर्ण आकडा दाखवून कर शून्य येतो, त्या वर्षी या वादात शिरायचं कारणच नाही. आणि मधल्या वर्षी शिरायचं असेल, तर सीएच्या समोर बसून, वही उघडून, खऱ्या नफ्याचा आकडा हातात धरून शिरा.

हो, सीए. फॉर्म भरून देणारा नको. त्या पोराबद्दल मला राग नाही. पण तो जो फॉर्म तुमच्यासाठी भरत होता, तो 'सहज', पेन्शन आणि व्याज असणाऱ्यांसाठी आहे. व्यवसायाचं उत्पन्न असलं की 'सहज' चालत नाही. अंदाजित योजनेत 'सुगम', आणि जमाखर्च मांडून दाखवायचं तर आयटीआर-३. हे दोन फॉर्म त्याच्या हातचे नव्हते, म्हणून त्याने ते 'लफडं' ठरवलं.

आता मुलाचा सल्ला. त्याचा हेतू वाईट नाही. त्याला आईच्या डोक्यावरचं ओझं उतरवायचंय. पण उत्पन्न ज्याने कमावलं त्याचं असतं. मोबाइल कुणाचा, खातं कुणाचं, यावर ते ठरत नाही. गणिताची फी सुनेच्या नावावर दाखवली, तर तुमच्या रिटर्नमध्ये एक खोटं होतं, त्याऐवजी दोन रिटर्नमध्ये दोन होतील. आणि तुमच्या करशून्य वर्षात त्याने वाचणार काय? काहीच नाही. आणखी एक अडकवणारी गोष्ट लक्षात ठेवा. तुमचे पैसे सुनेच्या नावे ठेव म्हणून ठेवले, तर त्यावरचं व्याजसुद्धा कायदा तुमच्याच उत्पन्नात धरतो.

पण बाई, तुमच्या पत्रात एक ओळ सहज येऊन गेली आहे, आणि मला वाटतं ती तुमच्या लक्षात आलेली नाही. 'शनिवारी सून इंग्रजी घेते.' दर शनिवारी, १८ मुलांना, वर्षभर. पालक १,२०० देतात ते गणित आणि इंग्रजी दोन्हींचे, नाही का? मग त्या फीतला काही भाग तिचा आहे, आणि तो आधीपासूनच तिचा होता. तिचं नाव घरात निघालं ते कर वाचवायला. तिने मेहनत केली म्हणून कोणी काढलं नाही, आणि तिला कुणी विचारल्याचंही पत्रात दिसत नाही. महिन्याच्या दहा-बारा बैठकांपैकी चार तिच्या असतील तर त्या हिशोबाने वाटा ठरवा. तो दर महिन्याला तिच्या खात्यात खरोखर जाऊ द्या, आणि वहीत तिच्या नावाचा रकाना आखा. तुमच्या उत्पन्नातून तेवढी रक्कम वजा होईल. तिला इतर उत्पन्न नसेल तर तिला कर नाही, ४ लाखांच्या आत असल्यामुळे रिटर्नची सक्तीही नाही. मात्र मग ते पैसे तिचे. पुन्हा घरखर्चाच्या डब्यात नकोत. मुलाच्या सल्ल्यातला जो भाग खरा होता, तो एवढाच.

सहकारी बाईंनी जी भीती घातली आहे तिचं मूळ मला माहीत आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ मध्ये शिक्षकाने खासगी शिकवणी घ्यायची नाही असं स्पष्ट लिहिलंय. नोकरीत असताना कुणी शिकवणी घेतली, तक्रार झाली, चौकशी लागली, असे किस्से प्रत्येक स्टाफरूममध्ये असतात. पण ते बंधन सेवेतल्या शिक्षकाला. निवृत्तीनंतर तुम्ही घरी चार मुलांना शिकवता म्हणून पेन्शन थांबत नाही, आणि आयकर भरल्याने तर नाहीच. नोव्हेंबरात बँकेत हयातीच्या यादीवर सही करताना हात थरथरतो असं लिहिलंय तुम्ही. त्या सहीचा अर्थ तुम्ही हयात आहात एवढाच. खुशाल ठसठशीत करा.

राहिला 'धंदा' हा शब्द.

खरं सांगू, पत्रातली बाकीची कोडी आकड्यांची होती. हे एकच तुमचं आहे. फॉर्मवर मराठीत म्हणाल तर ते सदर 'व्यवसाय किंवा पेशा यांपासूनचा नफा' असं आहे. त्यात किराणा दुकान येतं, वकिली येते, डॉक्टरकी येते. गावातल्या डॉक्टरांना आपण धंदेवाले म्हणत नाही, ते रिटर्न मात्र याच सदरात भरतात. पण नुसता शब्द बदलून तुमचं समाधान होणार नाही हे मला माहीत आहे, कारण तुम्ही वडिलांचं उदाहरण दिलंय. त्यांनी पैसा घेतला नाही. तुम्हीही तिघांकडून घेत नाही, आणि ऑगस्टच्या चौकोनात लाल शाईने 'नंतर' लिहिता. वडिलांचा धडा तुम्ही गिरवला नाहीत असं मला त्या पानावरून दिसत नाही. तुमच्या मनाला जे खुपतंय, ते पैसा घेण्याचं आहे की घेतलेला पैसा न सांगण्याचं? मला वाटतं दुसरं. पैसा घेताना तुम्ही पालकाकडे बघून घेता, वहीत खूण करता. लपवताना मात्र स्वतःच्याच वहीकडे बघवत नाही. ते जाण्यासाठी एक रिटर्न पुरेल.

आणि हो, जी फी घेतलीच नाही तिच्यावर कर नाही. तिघांचे चौकोन कोरे असू देत. त्यांची 'बुडालेली फी' म्हणून खर्चात मात्र दाखवू नका; तशी दाखवा, असा सल्लाही एखादा देईल. निकालानंतर पेढ्यांचा पुडा आला तर खा. पण एखाद्या पालकाने 'गुरुदक्षिणा' म्हणून पाकिटात पाच हजार घातले, तर ते शिकवण्यामुळेच आले. पाकिटावर काय लिहिलंय यावर ते अवलंबून नाही. वहीत लिहा.

आता ज्यांचं पेन्शन मोठं आहे अशा वाचकांसाठी थोडं, कारण या विषयावर पत्रं बरीच आहेत. समजा एखादे निवृत्त प्राध्यापक आहेत, पेन्शन महिन्याला ९० हजार, आणि शहरातल्या एका क्लासमध्ये शिकवून महिन्याला ४० हजार मानधन मिळतं. कोषागाराला फक्त पेन्शन दिसते. वजावट जाऊन १० लाख ५ हजार, १२ च्या आत, म्हणून टीडीएस (देणाऱ्याने आधीच कापून घेतलेला कर) शून्य. क्लासला फक्त मानधन दिसतं. तो व्यावसायिक फी म्हणून १० टक्के, म्हणजे वर्षाचे ४८ हजार, कापून घेतो. दोघांचं आपापल्या जागी बरोबर. पण दोन्ही एकत्र फक्त प्राध्यापकांना दिसतं: १४ लाख ८५ हजार. खर्च वजा न करता कर आणि उपकर मिळून १ लाख ६ हजार ८६०. ४८ हजार गेले, उरले ५८ हजार ८६०. आणि हे रिटर्न भरताना कळतं, तेव्हा व्याज सुरू झालेलं असतं.

ज्येष्ठ नागरिक इथेच फसतात. ६० वर्षांवरच्या निवासी नागरिकाला आगाऊ कर भरावा लागत नाही हे सगळ्यांना पाठ आहे. पण ती सूट व्यवसायाचं उत्पन्न नसेल तरच. एका मुलाची शिकवणी घेतलीत तरी सूट गेली. टीडीएस वजा जाऊन १० हजार किंवा जास्त कर निघत असेल, तर १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. अंदाजित योजनेतल्यांना १५ मार्चचा एकच हप्ता. तारखा लक्षात ठेवायचा कंटाळा असेल, तर पेन्शन देणाऱ्या कार्यालयाला किंवा बँकेला इतर उत्पन्न लेखी कळवून पेन्शनमधूनच जास्त टीडीएस कापून घ्यायची मुभा कायद्यात आहे. अर्ज एप्रिलमध्येच द्या. मार्चमध्ये दिलात तर एका महिन्यात वर्षाचा कर कापला जाईल, आणि मग मला रागाचं पत्र येईल.

१२ लाखांची रेघ एक रुपयाने ओलांडली तर ६० हजार कर लागतो, ही भीतीही काढून टाका. नव्या प्रणालीत सीमांत सवलत आहे. उत्पन्न १२ लाख १० हजार असेल तर कर १० हजार आणि उपकर, त्याहून जास्त नाही.

७५ च्या पुढच्यांना रिटर्न भरण्यातून सूट आहे, पण ती फक्त पेन्शन आणि त्याच बँकेचं व्याज असेल तर. शिकवणी असली की ती नाही. ज्यांना पतीच्या किंवा पत्नीच्या मागे कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, त्यांनी ते 'वेतन' सदरात टाकू नये. ते 'इतर उत्पन्ना'त जातं, आणि नव्या प्रणालीत वजावट एक तृतीयांश किंवा २५ हजार, यांत जे कमी असेल ते.

जुनी प्रणाली की नवी, हे बाईंनी विचारलेलं नाही, पण सीए विचारेल. तुमच्या आकड्यांत नवी सरळ फायद्याची आहे. विम्याचा हप्ता, ठेवी, व्याजाची ५० हजारांची वजावट सगळं धरून पाहिलं तरी जुन्या प्रणालीत कर निघतो, नव्यात शून्य. एक सावधगिरी मात्र बाळगा. नुसती पेन्शन असणाऱ्याला दर वर्षी प्रणाली बदलता येते. व्यवसायाचं उत्पन्न असणाऱ्याला नव्यातून बाहेर पडायचं तर वेगळा अर्ज भरावा लागतो, आणि परत नव्यात यायची संधी एकदाच. उगाच उड्या मारू नका.

व्याजावर टीडीएस कापू नये म्हणून बँकेत तुम्ही दर वर्षी १५-एच हा फॉर्म देत आलात. त्यात 'माझा कर शून्य आहे' असं लिहून देता, आणि तो अंदाज सगळ्या उत्पन्नाचा असतो, शिकवणीसकट. २०२५-२६ साठी ते खरं ठरलं. यापुढे फॉर्म देण्याआधी वहीचं पान बघायचं.

बाकी किरकोळ. जीएसटीची मर्यादा सेवांसाठी २० लाख, तुमच्यापासून खूप लांब. महाराष्ट्रात स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांना व्यवसाय कर आहे, वर्षाला २,५०० रुपये. ६५ ओलांडली की तो माफ. मधल्या दोन वर्षांच्या नोंदणीचं सीएला विचारा. आणि १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झालाय, कलमांचे क्रमांक बदललेत, म्हणून मी इथे आयकराचे क्रमांक दिलेले नाहीत. सीएने वेगळा क्रमांक सांगितला तर दचकू नका. २०२५-२६ च्या उत्पन्नाला जुनाच कायदा लागू आहे.

आता करायचं काय. पुढच्या जूनपासून फी एकाच खात्यात येऊ द्या, तुमच्या. पेन्शनच्या खात्याहून वेगळं बचत खातं उघडलंत तर वर्षअखेरीला बेरीज करायला पासबुक पुरेल. गूगल पे तुमच्या नंबरवर घ्या. रोख घेणं गुन्हा नाही, पण घेतलेली रोख वहीत तारखेनिशी लिहा. वहीच्या मागच्या पानांवर खर्च मांडा: झेरॉक्स, सराव प्रश्नपत्रिकांची छपाई, मार्कर, फळा, मुलांसाठी आणलेली संदर्भपुस्तकं, इंटरनेटचा आणि पुढच्या खोलीच्या विजेचा रास्त भाग. घराचा किराणा नाही. झेरॉक्सवाल्याकडून महिन्याची एक पावती मागा, तो देईल, तुमचा विद्यार्थीच असणार. आयकराच्या पोर्टलवर लॉगिन करून वार्षिक माहिती विवरण उघडा, त्यात व्याज आणि टीडीएसच्या नोंदी दिसतील. आपल्या आकड्यांशी त्या पडताळा. आणि मागचे दोन कॅटलॉग, म्हणजे २०२३ आणि २०२४ च्या वह्या, रद्दीत गेल्या नसतील तर शोधा. मधल्या वर्षाचा कर त्यांच्यावरूनच ठरणार आहे.

त्या लाल शाईच्या चौकोनाचं राहिलंच. तुम्ही पैसे हातात येतील तसे मांडता, आणि दर वर्षी तशीच पद्धत ठेवलीत तर चालतं. ती ऑगस्टची फी नंतर आली असेल, तर ज्या तारखेला आली ती तारीख तिथे घाला. मार्चनंतर आली असेल तर ती पुढच्या वर्षाच्या पानावर. आणि आलीच नसेल, तर चौकोन आहे तसाच राहू द्या.